मदत हवी आहे: द्राक्षबागेत येणाऱ्या मजूर बायांसाठी पॅड आणि आडोसा

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. विरळणी (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) बहुतेक बायाच करतात. दिवसभर हात वर करून काम, आणि बागेत ना संडास ना आडोसा. पाळी आली की बाई एक तर खाडा करून त्या दिवसाची मजुरी बुडवते, नाहीतर ओलं कापड तसंच ठेवून संध्याकाळपर्यंत उभी राहते. मुकादम पुरुष, त्याला कोण सांगणार? घरी विषय काढला तर "बायकांचं बायकांनी बघावं" हे उत्तर. मला ते अजिबात पटत नाही. फवारणीचा खर्च बागेचा धरतो, तसा हाही बागेचाच आहे.

2018 मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतं. पण मळ्यात राहणारी बाई तिथवर जाणार कधी?

नाशिकमधलं कुठलं जनऔषधी केंद्र टोळीपुरते पॅड एकदम देतं का? कापडी पॅड शिवणारा बचत गट कुणाला माहीत आहे का? धुवायला पाणी आहे, पण उघड्यावर वाळत घालायला बाया संकोचतात, त्यावर कुणी काय केलंय? वापरलेले पॅड सध्या बांधाला पुरले जातात, प्लास्टिक तसंच राहतं. बागेत फिरता संडास भाड्याने आणला असेल तर खर्चही सांगा.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी सोय करायची आहे. बागायतदार भावांनीही उत्तर द्यावं, ही खास विनंती.