वादळाच्या नकाशावरची ती मधली रेघ काढून टाका

उधाण:
वादळ तयार झालं की सगळ्यांच्या मोबाईलवर तोच नकाशा आणि सगळ्यांची नजर मधल्या रेघेवर, म्हणजे वादळ कुठून जाईल त्या अंदाजाच्या रेघेवर. मागच्या वेळी आमचे काका स्क्रीनवर बोट ठेवून रेघेपासून आपण किती लांब ते मोजत बसले, "दीडशे किलोमीटर आहे, आपल्याला काही होत नाही" म्हणून खिडक्यासुद्धा लावल्या नाहीत, रात्री काचा घरभर. अहो ती रेघ नुसत्या केंद्राची असते, वारा-पाऊस त्याच्या कितीतरी बाहेर पसरलेला असतो. २००४ चं अमेरिकेतलं चार्ली हरिकेन (तिकडचं चक्रीवादळ) घ्या, सगळे फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराकडे बघत होते आणि ते आधीच वळून दक्षिणेकडच्या पुंटा गोर्डा गावाला धडकलं. पुंटा गोर्डा कोनाच्या, म्हणजे रेघेभोवती पुढे रुंद होत जाणाऱ्या पट्ट्याच्या, आत होतं! रेघ काढा, फक्त कोन ठेवा.

नांगर:
अजिबात पटलं नाही. कोन म्हणजे तरी काय, केंद्र कुठे कुठे असू शकेल तेवढंच, वादळाची रुंदी त्यात नसतेच. अमेरिकन हरिकेन सेंटर तो गेल्या पाच वर्षांच्या चुकांवरून काढतं आणि तरी साधारण तीनात एकदा केंद्र बाहेर जातंच. काकांनी रेघेऐवजी कोनाच्या कडेपासून मोजलं असतं, एवढाच फरक. आणि ज्याला होडी किनाऱ्याला आणायचीय, अंथरुणावरच्या आईला हलवायचंय त्याला तीन दिवस आधी दिशा नको कळायला? बिपरजॉय आठवा, जून २०२३, समुद्रात कितीतरी दिवस रेंगाळलं, रोज ट्रॅक, म्हणजे तीच रेघ, बघत बघत अंदाज पक्का झाला, १५ जूनला जखाऊजवळ आलं तोवर गुजरातेत लाखाच्या आसपास लोक हलवून झाले होते.

खारा वारा:
तुम्ही दोघं दिशेवरच अडकलात. ओटिस वादळ बघा, ऑक्टोबर २०२३, मेक्सिकोतलं अकापुल्को. आदल्या दिवशी सकाळी साधं ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे हरिकेनपेक्षा कमी ताकदीचं, मध्यरात्र उलटल्यावर किनाऱ्यावर आलं ते कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या ताकदीचं होऊन, अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलना पत्ताच लागला नाही. रेघ कितीही बरोबर असू दे, ताकदीत एवढी चूक झाली तर माणसं झोपेतच सापडतात.

नांगर:
हे मान्य. आणि कालचा स्क्रीनशॉट आज फिरवणं आधी बंद करा, मोठी मॉडेलं दर सहा तासांनी नव्याने चालतात.

उधाण:
कोनाचं तुमचं पटलं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग अंतर मोजताच येणार नाही असं काहीतरी दाखवा ना. तुमच्या भागात जोराचा वारा किती वाजता सुरू होऊ शकतो, बस. "संध्याकाळी सहापासून" असं दिसलं असतं तर काका उठून खिडक्या लावून आले असते, मला खात्री आहे.

नांगर:
वेळ द्याच, माझा पूर्ण पाठिंबा. पण ती वेळ काढतात तीही ट्रॅकवरूनच, म्हणून म्हणतो रेघ राहू दे.