‘द रोब’ (१९५३): दोन प्रतींत हालचाली वेगळ्या का?

या हॉलिवूडपटाच्या रुंद आणि चौकोनी अशा दोन्ही प्रती शेजारी लावल्या, तर एकाच प्रसंगात नट वेगळे हलताना दिसतात. संकलनाचा फरक आहे का?

उत्तर १: नाही, टेकच (प्रसंगाचं प्रत्यक्ष चित्रीकरण) वेगळे. सिनेमास्कोपचा (रुंद चित्राच्या पद्धतीचा) पडदा सगळ्या थिएटरांत नव्हता, म्हणून १.३७:१ (रुंदी:उंची) या प्रमाणातली चौकोनी आवृत्तीही सोबतच चित्रित झाली. टीव्हीवर बरीच वर्षं तीच दाखवायचे. रुंद आवृत्ती २.५५:१. चार चुंबकीय ध्वनिपट्ट्या बसाव्यात म्हणून फिल्मची छिद्रंसुद्धा बारीक केली होती! पुढे ऑप्टिकल (फिल्मवर प्रकाशानं छापलेल्या) ध्वनिपट्टीनं चित्राची जागा खाल्ली आणि सिनेमास्कोप २.३५:१वर आलं.

उत्तर २: टीव्हीचं झूम बंद ठेवा, नाहीतर कडा जातात.

उत्तर ३: प्रतींचा असाच घोळ दुसऱ्या एका रोमन काळावरच्या चित्रपटातही आहे. ‘द साइन ऑफ द क्रॉस’ (१९३२)च्या सुरुवातीला दुसऱ्या महायुद्धातली विमानं दिसली, तर ती १९४४ची कात्री लागलेली प्रत. आखाड्यातली क्रूर दृश्यं तिच्यात शोधू नका.