मदत हवी आहे : मानसिक आजाराचा विमा दावा नाकारला, भोपाळच्या विमा लोकपालाकडे कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. धाकट्या दिरांना तीव्र नैराश्यामुळे खासगी दवाखान्यात भरती करावं लागलं. आता तब्येत सुधारते आहे, पण विमा कंपनीने 'मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही' एवढं एकच वाक्य लिहून दावा फेटाळला.

मी वाचलं त्याप्रमाणे, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१(४) मध्ये शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांसाठीही विमा द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. विमा नियामकाने २०१८ मध्ये तसं परिपत्रक काढलं आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसींमध्ये ही सोय करायला कंपन्यांना पुन्हा बजावलं. आमची पॉलिसी त्यानंतरची आहे. मग हे उत्तर चालतं कसं? हृदयविकार असता तर असं एका ओळीत कुणी परत पाठवलं असतं का?

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र दिलंय. तिथे न्याय मिळाला नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जायचा विचार आहे, मध्य प्रदेश त्यांच्याच कक्षेत येतो.

कोणी तिथे दाद मागितली आहे का? डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यावं? सुनावणीला भोपाळला जावंच लागतं का? सासूबाईंची पेन्शन यातच खर्च झाली आहे. शिवाय दिरांचं नाव चारचौघांत येऊ नये असं वाटतं, म्हणून शक्यतो मला मेसेज करा.