पहिला स्नोबोर्ड आणि बाइंडिंग कसे निवडावेत? (तोक्यो परिसर)

प्रश्न : निशिकासाईकर

नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून तोक्योत राहतो. गेल्या हिवाळ्यात गाला युझावा या स्की-क्षेत्रात भाड्याच्या साहित्यावर स्नोबोर्डिंगचे प्राथमिक धडे घेतले. आता सोप्या उतारावरून दोन्ही कडांवर तोल सांभाळत खाली येता येते. टाचेकडच्या कडेवरून बोटांकडच्या कडेवर वळताना मात्र अजून पडतो. भाड्याचा बोर्ड दर वेळी वेगळा मिळतो आणि बुटांत टाच सैल राहते, त्यामुळे येत्या हंगामाआधी स्वतःचे साहित्य घ्यावे असे वाटते.

माझी उंची १७२ सेंमी, वजन ७२ किलो आणि बुटाचे जपानी माप २७ सेंमी आहे. बूट, बोर्ड व बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडून ठेवणारा भाग) मिळून ७०,००० येनपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कार्यालयातील एक सहकारी त्याचा १५९ सेंमी लांबीचा, कॅम्बर प्रकारचा (मध्य किंचित वर उचललेला) आणि बराच ताठ बोर्ड बाइंडिंगसह २०,००० येनला देत आहे. यावर शिकल्यास पुढे कित्येक वर्षे दुसरा बोर्ड लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. कांदा-ओगावामाची भागातील दुकानात मात्र मला १५२ सेंमीचा मऊ बोर्ड दाखवण्यात आला. दोघांच्या सल्ल्यात एवढे अंतर का, आणि बाइंडिंग निवडताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : हिमवाट

तुमच्या प्रश्नात बोर्ड आणि बाइंडिंग आहेत, पण सैल टाचेचा तुम्ही केलेला उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून सुरुवात बुटांपासून करावी, आणि ७०,००० येनपैकी मोठा वाटा विनासंकोच त्यांच्यावर खर्च करावा. बोटांकडच्या कडेवर जाताना आपण नडगी पुढे दाबतो. त्या क्षणी टाच बुटात वर उचलली गेली, तर दिलेला जोर कडेपर्यंत पोहोचण्याआधीच विरून जातो. तुमच्या पडण्यामागे हे कारण असण्याची बरीच शक्यता आहे. बूट दुकानात संध्याकाळी, एकच जोड पातळसर स्की-मोजे घालून आणि दोन्ही पायांत वापरून पाहावेत. सरळ उभे असताना बोटे पुढच्या टोकाला हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. आतील अस्तर वापराने दबते आणि बूट थोडे सैल होतात, त्यामुळे दुकानातच ऐसपैस वाटणारे बूट घेऊ नयेत. त्याच वेळी बोटे मुडपत असतील किंवा दुखत असतील, तर तो साचा आपल्या पायाचा नाही असे समजून दुसऱ्या कंपनीचे बूट पाहावेत.

आता १५९ सेंमीच्या बोर्डाविषयी. हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान बोर्डाचे टोक यावे हा ठोकताळा प्रचलित आहे, पण बोर्डाला आपली उंची कळत नाही, त्याच्यावर पडते ते वजन. प्रत्येक उत्पादक लांबीनिहाय वजनाचा तक्ता देतो आणि खरेदीच्या वेळी तोच प्रमाण मानावा. ७२ किलोच्या नवशिक्याला साधारण १५२ ते १५५ सेंमी लांबी योग्य ठरते. १५९ चा बोर्ड वेगात स्थिर राहतो हे खरे, पण तुमचा वेग अद्याप तेवढा नाही आणि वळवताना ती जास्तीची लांबी तुमच्याच पायांना ओढावी लागेल.

लांबीपेक्षाही मला त्या बोर्डाच्या ताठपणाची काळजी वाटते. लवचीकपणा १ ते १० अशा अंकांत सांगतात. हे अंक कंपनीगणिक थोडे बदलतात, तरीही ३ किंवा ४ च्या आसपासचा बोर्ड सुरुवातीला चांगला. मऊ बोर्ड पावलांच्या हलक्या दाबानेही पिळला जातो, त्यामुळे पुढच्या पायाने वळण सुरू करायचे आणि मागच्या पायाने ते पूर्ण करायचे ही क्रिया अंगवळणी पडते. ताठ बोर्डाला हेच करायला लावण्यासाठी वेग आणि ताकद दोन्ही लागतात, आणि शिकणारा मग मागचा पाय झटक्याने फिरवून बोर्ड वळवू लागतो. ही सवय पुढे मोडणे फार अवघड जाते.

रुंदीचाही विचार करावा. २७ मापाच्या बुटाचा बाहेरचा तळ सुमारे ३० सेंमी लांब असतो. कमरेपाशी, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागापाशी, २५० मिमीच्या आसपास रुंद असलेल्या बोर्डावर तो दोन्ही बाजूंना साधारण सारखाच, एक ते दोन सेंमी बाहेर राहतो, आणि हे योग्य आहे. त्याहून बराच अरुंद बोर्ड घेतल्यास खोल वळणात बुटाचे टोक बर्फाला घासते. खूप रुंद घेतल्यास एका कडेवरून दुसरीवर जाण्यास वेळ लागतो.

उत्तर २ : कडेलोट

बाइंडिंगविषयी मी लिहितो, कारण या भागाकडे नवे लोक फारसे लक्ष देत नाहीत.

प्रथम सुसंगती पाहावी. बहुतेक बोर्डांवर पेचांसाठी दोन ओळींत भोके असतात, २×४ किंवा ४×४ सेंमी अंतरावर, आणि बाइंडिंगच्या तळाची गोल चकती त्यांवर चार स्क्रूंनी बसते. बर्टनच्या बोर्डांवर भोकांऐवजी ‘चॅनल’ नावाची लांब खाच असते. त्याच कंपनीची ‘ईएसटी’ प्रकारची बाइंडिंग फक्त या खाचेवर बसतात, तर ‘रीफ्लेक्स’ प्रकारची दोन्हींवर बसतात. इतर अनेक कंपन्या चॅनलवर चालणारी चकती सोबत देतात, तरी पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. सहकाऱ्याचे बाइंडिंग वेगळे काढून नव्या बोर्डावर लावण्याचा विचार असेल, तर ही पहिली चाचणी ठरेल.

दुसरे म्हणजे माप. बाइंडिंगचे माप बुटावरून ठरते आणि कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आधी बूट घेऊन मग ते बूट बाइंडिंगमध्ये प्रत्यक्ष बसवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. टाच मागच्या कमानीत पूर्ण रुतली पाहिजे आणि घोट्यावरचा पट्टा आवळल्यावर बुटाच्या मध्यावर आला पाहिजे. ताठपणा येथेही मध्यम किंवा त्याहून थोडा कमी असावा. मऊ बोर्डावर अतिशय ताठ बाइंडिंग लावले, तर पायाची प्रत्येक बारीक चूक कडेपर्यंत जशीच्या तशी पोहोचते.

प्रकारांपैकी दोन पट्ट्यांचे नेहमीचे बाइंडिंग मी सुचवेन. ते कोणत्याही बुटाबरोबर चालते, रॅचेट (पट्टा आवळणारी दातेरी कळ) तुटले तर सुटा भाग सहज मिळतो आणि जुने झाल्यावर विकणेही सोपे असते. बर्टनने २०१७ मध्ये बाजारात आणलेली ‘स्टेप ऑन’ पद्धत अत्यंत सोयीची आहे. लिफ्टवरून उतरल्यावर बर्फात बसून पट्टे बांधण्याची गरज उरत नाही. मात्र तिच्यासाठी त्याच पद्धतीचे बूट लागतात आणि ते मोजक्याच कंपन्या बनवतात, म्हणजे पायाला कोणता साचा बसतो हा निर्णय आपल्या हातून काही अंशी निसटतो. तुमची मूळ तक्रार सैल टाचेची असल्याने आधी पायाला बसणारा बूट शोधावा आणि तो त्या पद्धतीचा असलाच, तर स्टेप ऑनचा अवश्य विचार करावा.

बसवताना पुढच्या पायाला +१५ अंश व मागच्या पायाला −६ अंशांपासून सुरुवात करावी (+ म्हणजे बोटे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, − म्हणजे मागच्या टोकाकडे). गुडघ्यांना सुखकर वाटल्यास मागचा पाय −१२ किंवा −१५ पर्यंत न्यावा. दोन्ही पायांतील अंतर तुमच्या उंचीला ५२ ते ५४ सेंमी असावे आणि बोर्डावर उत्पादकाने खुणावलेल्या मूळ जागेपासून फार दूर जाऊ नये. हायबॅकचा, म्हणजे पोटरीमागच्या उभ्या आधाराचा, पुढे झुकणारा कल सध्या शून्यावर ठेवावा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्कीचे बाइंडिंग ठरावीक जोर आल्यावर पाय मोकळा करते, स्नोबोर्डचे करत नाही. पडताना दोन्ही पाय बोर्डालाच जखडलेले राहतात आणि नवखा माणूस सहजच हात टेकतो. मनगटाची दुखापत नवशिक्यांत सर्वाधिक आढळते ती यामुळेच. बोर्डावरचे पाच हजार येन वाचवा, पण मनगटाची संरक्षक पट्टी आणि हेल्मेट घ्याच.

उत्तर ३ : युकिगुनीतला पाहुणा

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे. सहकाऱ्याचा बोर्ड नाकारण्याचे कारण त्याची लांबी आणि ताठपणा हे असावे, तो कॅम्बर आहे हे नव्हे, एवढी एक दुरुस्ती मला करावीशी वाटते.

कॅम्बर बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला, तर त्याचा मध्य किंचित वर उचललेला दिसतो. त्यावर उभे राहिल्यावर तो दाबला जातो आणि कड जवळजवळ पूर्ण लांबीभर बर्फाला भिडते, त्यामुळे पकड उत्तम मिळते. मात्र बोर्ड सपाट असताना उताराच्या खालच्या बाजूची कड चुकून जरी टेकली, तरी ती बर्फात अडकते आणि माणूस जोरात आपटतो. रॉकर प्रकारात टोके वर उचललेली असतात, कड अडकण्याचा धोका कमी असतो आणि बोर्ड सहज फिरतो. कठीण बर्फावर मात्र तो निसटतो. हा फरक तोक्योहून जाणाऱ्यांना विशेष जाणवेल. युझावाकडे भरपूर आणि मार्चनंतर ओलसर होत जाणारा बर्फ असतो, तेथे रॉकर आनंद देतो. कारुइझावा येथील स्की-क्षेत्रात हंगामाच्या सुरुवातीला कृत्रिम बर्फावर मदार असते आणि सकाळी पृष्ठभाग चांगलाच टणक लागतो. तिथे पकड नसलेला बोर्ड आत्मविश्वास हिरावून घेतो.

म्हणून माझा कल पायांखाली कॅम्बर आणि दोन्ही टोकांशी हलका उठाव असलेल्या मिश्र बोर्डाकडे आहे. आकार दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे ट्विन असावा. कोणता पाय पुढे ठेवायचा हे तुमचे अजून पक्के झाले नसेल, तर त्याचा मोठा उपयोग होईल. तळाच्या बाबतीत एक्स्ट्रूडेड (प्लास्टिक वितळवून बनवलेला) प्रकार पुरेसा आहे. तो स्वस्त असतो, दुरुस्तीला सोपा जातो आणि मेणाकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी सांभाळून घेतो. सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून बनवलेला) तळ मेण चांगले शोषतो आणि अधिक वेगवान असतो, पण नियमित मेण लावणाऱ्यालाच त्याचा लाभ मिळतो.

जुना बोर्ड घेण्यास माझी हरकत नाही, उलट या रकमेत तोच शहाणपणाचा मार्ग आहे. कडेला तडा, थर सुटल्याची फट, तळातून दिसणारा लाकडी गाभा आणि झिजलेले पेच एवढे तपासावे. बाइंडिंग मात्र फार जुने घेऊ नये, कारण थंडीत जुने प्लास्टिक ठिसूळ होऊन ऐन उतारावर तुटू शकते.

निशिकासाईकर

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्याला नम्रपणे नकार कळवला आहे. आधी बूट घेईन, मग १५३ किंवा १५४ सेंमीचा मिश्र प्रकारचा वापरलेला बोर्ड शोधेन. एक शंका उरते. बूट मिळाल्यानंतर मनाजोगता बोर्ड मिळेपर्यंत हंगाम सुरू झाला, तर भाड्याच्या बोर्डावर स्वतःचे बूट चालतील का?

हिमवाट

पट्ट्यांचे बाइंडिंग असेल तर निश्चित चालतील, आणि तसेच करावे असे मी सुचवेन. भाडे-केंद्रात केवळ बोर्ड मागावा, बूट दाखवून बाइंडिंगचे माप जुळवून घ्यावे आणि शक्य असल्यास एकदा १५० व एकदा १५५ च्या आसपासचा बोर्ड वापरून पाहावा. बूट तेच राहिल्यामुळे जाणवणारा फरक बहुतांशी बोर्डाचा असेल, आणि दुकानात कोणती लांबी मागायची हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल. पुढे स्वतःचा बोर्ड घेतल्यावर लीश कॉर्डही (बोर्ड निसटून जाऊ नये म्हणून पायाला बांधायची दोरी) घ्यावी, जपानमधील अनेक स्की-क्षेत्रांत ती लावण्यास सांगतात.