रिसेल फ्लॅट घेतला, वरचा मजला, बेडरूमच्या छताला ओल आहे. आधी काय करू?

पहिलंघर_इंदिरानगर

नमस्कार, पोस्ट मोठी झालीये पण वेळ असेल तर पूर्ण वाचा प्लीज. मी आणि मिस्टर अकरा वर्षं सातपूरला भाड्याने राहिलो, चार घरं बदलली, दर वेळी तेच सामान बांधा नि सोडा. या फेब्रुवारीत शेवटी नाशिकमध्येच इंदिरानगरला टू बीएचके घेतला, २००३ ची बिल्डिंग, चौथा मजला म्हणजे सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट गच्ची. सौदा ४६ लाखाला झाला. बँकेने ८० टक्के दिले, बाकीचे ९ लाख २० हजार आमचे, त्यासाठी मिस्टरांनी पीएफमधून काढले आणि माझ्या पाटल्या मोडल्या. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्युटी ६ च्या जागी ५ टक्के लागली, २ लाख ३० हजार, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. मिस्टरांचं नाव मालकीत घातलं असतं तर ती सवलत मिळाली नसती. ४६ हजार वाचले, म्हटलं चला रंगाचं झालं.

एप्रिलमध्ये चावी मिळाली, अक्षय्य तृतीयेला कलश ठेवून पूजा केली. आधीच्या मालकांनी विकायच्या आधी घर रंगवून घेतलेलं, एकदम चकाचक दिसत होतं. मागच्या बेडरूममधलं त्यांचं जुनं कपाट काढायला माणसं बोलावली आणि कपाट हलल्यावर वर कोपऱ्यात, भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे, ताटाएवढा डाग. दूध तापवलेल्या पातेल्याला कड राहते ना, तशी पिवळट कड त्याला. मी स्टुलावर चढून बोट लावलं तर रंगाचा पापुद्राच हातात आला आणि खाली पांढरी भुकटी, मिठासारखी. मिस्टरांनी लाटण्याने ठोकून बघितलं तर फूटभर जागेत आवाज बद्द येतो, बाजूला टणक आहे.

आता तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यात. रंगवाला म्हणतो आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो, १८ हजार. मिस्त्री म्हणतो गच्चीवर जुन्या कोब्यावरच (गच्चीवरचा विटांचे तुकडे-सिमेंटचा थर) नवीन कोबा टाकू. चेअरमन म्हणतात ओल तुमच्या घरात आहे तर खर्च तुमचाच, आणि ट्रान्सफरसाठी सोसायटीला ६० हजार द्या हे पण त्यांनीच सांगितलंय. आमच्याकडे आता सगळं मिळून ३ लाख उरलेत, त्यात किचनचा ओटा, वायरिंग, बाथरूम, रंग सगळं बसवायचं आहे. हप्ता ३२ हजार सुरू झालाय, भाडं ११ हजार चालूच. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते त्याआधी राहायला जायचं होतं. रात्री झोप लागत नाही, सारखा तो डागच दिसतो. आधी काय करू ते सांगा.

साइटवरचे_काका

ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका, वरच्या मजल्यावर हे फार ठिकाणी होतं आणि नीट केलं तर थांबतं. मी ३० वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता घरीच असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगवाल्याला आत्ताच नाही म्हणून सांगा. पाणी वरून येतंय आणि तुम्ही खालून झाकण लावताय, म्हणजे पाणी स्लॅबमध्येच अडकून बसणार. मग ते सळईला लागतं, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तुमचा तो बद्द आवाज म्हणजे तिथलं प्लास्टर सुटलंय एवढं नक्की. त्याच्या वर काय परिस्थिती आहे ते प्लास्टर काढल्यावरच कळेल. पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधून आलेले क्षार, पाणी उडून जातं नि क्षार मागे राहतात. त्या जागेखाली मुलीला झोपवू नका.

आता मला एक सांगा, डाग आज हाताला गार, ओलसर लागतो का कोरडा? आत्ता मे महिना आहे, पावसाचा थेंब नाही. आत्ताही ओला असेल तर ते पावसाचं पाणी नाही, टाकी किंवा टाकीकडून येणारा पाइप गळतोय. कोरडा असेल तर गच्ची.

गच्चीवर जाऊन तुम्ही स्वतः बघा, मिस्त्रीच्या सांगण्यावर जाऊ नका. बरोबर डागाच्या वर काय येतं ते मोजून काढा. पॅरापेट भिंत म्हणजे गच्चीचा कठडा आणि कोबा मिळतो तिथे गोलाई दिलेली असते, आम्ही वाटा म्हणतो, तिथे चीर आहे का. पावसाच्या पाण्याच्या पाइपचं तोंड कसं आहे. टाकीच्या पायांभोवती काय आहे. आणि भिंतीत कुठे पिंपळाचं रोप उगवलंय का, असेल तर नुसतं उपटून उपयोग नाही, मूळ आत राहिलं की परत फुटतं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा पाणी या चार जागांतूनच शिरतं, मधल्या मोकळ्या कोब्यातून नाही.

मग पाणी भरून टेस्ट करा. पाइपच्या आत थोडं खाली गोणपाटाचा बोळा घट्ट बसवून त्यावर चिखल लिंपा, गच्चीवर २ इंच पाणी उभं करा आणि ४८ तास ठेवा. सोसायटीला सांगून करा. डागाच्या कडेने आधी पेन्सिलने रेघ मारून ठेवा म्हणजे वाढला तर कळेल.

जुन्या कोब्यावर नवीन कोबा अजिबात नको. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटीमीटरचा कोबा म्हणजे एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन, ते २००३ च्या स्लॅबवर दुसऱ्यांदा कशाला चढवायचं? खराब भाग फोडून काढायचा, स्लॅबपर्यंत साफ करायचा, चिरा भरायच्या आणि मगच नवीन, पाइपकडे नीट उतार ठेवून. मृग ७-८ जूनला लागतं, म्हणजे हातात तीन आठवडे आहेत. कोबा झाल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी राहिलं पाहिजे, गडबडीत हेच लोक विसरतात.

सेक्रेटरी_पाथर्डीफाटा

काकांनी कामाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, नऊ वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

गच्ची कोणा एकाची नसते, सगळ्यांची असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमांमध्ये, स्पष्ट आहे की गच्ची, पॅरापेट, छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती, बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती, सामाईक पाइपलाइनची गळती, हा खर्च सोसायटीचा. तुमच्या बाथरूममधून खालच्याकडे गळलं तर ते तुमचं. तेव्हा चेअरमनचं म्हणणं बरोबर नाही, पण भांडू नका ताई, तुम्हाला तिथेच राहायचंय. अर्ज लिहा, डागाचे फोटो जोडा, आणि सेक्रेटरीकडून दुसऱ्या कॉपीवर तारीख-सहीची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. बिल्डिंगला १५ वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी करायची असते, तुमच्याकडे झालंय का ते त्याच अर्जात विचारा. पावसाच्या आत तातडीने करायचं असेल आणि सोसायटीकडे पैसे नसतील तर तुम्ही खर्च करून नंतर मेंटेनन्समधून वळते करून घेता येतात, पण आधी मीटिंगमध्ये तसा ठराव लिहून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर एक रुपया घालू नका आणि रागाने मेंटेनन्स भरणं पण थांबवू नका, मग तुम्हीच थकबाकीदार ठरता.

आणि ते ६० हजार. ट्रान्सफर प्रीमियमला महापालिका हद्दीत २५ हजारांची मर्यादा आहे, २००१ च्या शासनाच्या परिपत्रकापासून. देणगी वगैरे नाव देऊनही वर मागता येत नाही. नम्रपणे म्हणा की पावती कोणत्या नावाने देणार ते लेखी कळवा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं का, महापालिकेत घरपट्टीला आणि महावितरणला नाव लावलं का हे पण बघून घ्या, राहून जातं.

गंगापूररोडची_सून

ताई तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, आमचं पण पहिलं घर दोन वर्षांपूर्वी असंच रिसेल घेतलं होतं. काकांचं पूर्ण पटतं पण एक वेगळं सांगते, वरचं काम होईपर्यंत सगळं घर थांबवू नका. दोन्हीकडे पैसे देऊन देऊन माणूस थकतो. ती एक बेडरूम कुलूप लावून बंद ठेवा आणि किचन, बाथरूम, दुसरी बेडरूम उरकून राहायला जा. रंग मात्र कुठेच नको, रंग दिवाळीच्या आधी, भिंती एक पावसाळा बघून घेतल्यावर.

आमची चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही आधी किचनला सुंदर टाइल्स लावल्या, मग तीन महिन्यांनी भिंतीतला जुना लोखंडी पाइप आतून सडून गळायला लागला आणि त्याच टाइल्स फोडल्या. त्या दिवशी मी ओट्याजवळ बसून रडले. म्हणून २००३ च्या घरात पहिलं काम भिंतीतले पाइप बदलून सीपीव्हीसी म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप टाकणं, मग वायरिंग, मग फरशी-टाइल्स, मग ओटा. गिझर आणि एसीला ४ एमएमची वेगळी वायर ओढा, जुनी पातळ वायर तापते. मेन बोर्डात ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, बसवाच, तीन हजारांच्या आत येते आणि शॉक लागला तर जीव वाचवते. भिंती बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, पाइप जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. मला ते फोटो आजही लागतात, पडदे लावताना पण लागले.

पैसे कधीच एकदम देऊ नका. आमचा एक जण साठ टक्के ॲडव्हान्स घेऊन गेला आणि गावाला गेलो, पेरणी आहे, करत दोन महिने आला नाही. १०-१५ टक्क्यांवर सुरू करा आणि जेवढं काम डोळ्यांना दिसेल तेवढेच द्या, शेवटचे १० टक्के नळ सोडून, फ्लश करून, सगळे स्विच चालू करून बघितल्यावर.

आणि हो, सोसायटीत गंगापूर धरणाचं पाणी किती येतं आणि बोअरचं किती मिसळतात ते विचारा. बोअरचं असेल तर क्षाराने नळ आणि गिझर लवकर जातात, भारी फिटिंगवर पैसे घालू नका.

म्हसरूळकर७

आमच्याकडे आतून भोकं पाडून केमिकल इंजेक्शन दिलं होतं, गळती थांबली, २२ हजारात झालं. गच्ची फोडायची गरजच पडली नाही. तुम्ही पण विचारून बघा.

साइटवरचे_काका

भाऊ, तुमची एकच चीर असेल तर ती भरली गेली, चांगलं झालं. पण वरून पाणी साचत राहिलं तर ते शेजारची दुसरी वाट शोधतं. ग्राउटिंग म्हणजे ते इंजेक्शन करायचंच तर वरचं काम झाल्यावर, त्याच्या आधी नाही. ताई, पाण्याची टेस्ट केलीत का?

पहिलंघर_इंदिरानगर

सगळ्यांचे खूप खूप आभार, तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे आणि इतकं लिहिलंत.

डाग कोरडा होता, म्हणजे टाकीचा पाइप नाही. शनिवारी सकाळी सेक्रेटरींना सांगून गच्चीवर पाणी भरलं. लेकीने स्टुलावर चढून डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि दर तासाला जाऊन बघत होती. रविवारी दुपारपर्यंत काही नाही. चारच्या सुमाराला ती ओरडतच आली, आई रेघेच्या बाहेर आलं. खरंच, बोटभर काळपट झालं होतं, एकाच बाजूला. मिस्टर वर जाऊन बघतात तर बरोबर तिथेच पावसाच्या पाइपचं तोंड, आणि त्याच्या कडेच्या सिमेंटमधून पिंपळाची पेन्सिलएवढी जाड मुळी आत गेलेली. रोप वरून कोणीतरी कधीच तोडलेलं होतं म्हणून दिसत नव्हतं.

मी चेअरमनना वर बोलावलं, काही न बोलता ती मुळी दाखवली, मग खाली आणून रेघ दाखवली. ते बराच वेळ छताकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, आमच्या शेजारच्या जिन्यात पण असंच आहे. अर्ज दिला, पोच घेतली. काल मीटिंग झाली, त्या कोपऱ्याचा कोबा फोडून नवीन करायचा, पाइपचं तोंड बदलायचं आणि खर्च सोसायटीचा असा ठराव झाला, ऑडिटसाठी पण कोटेशन मागवणार आहेत. ट्रान्सफरची २५ हजारांची पावती मिळाली.

काका, बद्द वाजणारं प्लास्टर काढलं, सळईला वरवर गंज आहे, जाडी कमी झालेली नाही असं मिस्त्री म्हणाला. घासून, गंजाचं औषध लावून पॉलिमर मॉर्टरने भरायला सांगितलंय, पण वरचं झाल्यावर. किचनचे पाइप उघडले तर ते लोखंडीच निघाले ताई, तुमच्यामुळे वाचलो. फोटो काढून ठेवलेत, टेप लावून.

आज कोब्याचा तिसरा दिवस. सकाळी डबे भरून झाले की मी सातपूरहून स्कूटीवर येते, गच्चीवर पाइप ओढते आणि सगळीकडे पाणी फिरवते, संध्याकाळी मिस्टर येतात. चार दिवस राहिलेत.