हनू, जबडा की दाभाड?

अनुवादिका: मुलांसाठी एका नामशेष माशावरचा लेख मराठीत आणतेय. एन्टेलोग्नॅथस. चीनच्या युनान प्रांतातला, सुमारे ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा, २०१३ साली जाहीर झालेला. नावाचा अर्थ ‘पूर्ण जबडा’. मी ‘पूर्णहनू’ केलं, तर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘माशाला हनुवटी असते का?’ तिथेच अडलेय.

जुनीपाटी: हनू म्हणजे जबडाच. इंद्राच्या वज्राने हनू मोडली म्हणून हनुमान. शब्द आपलाच आहे, मुलांना माहीत नसेल तर सांगावा.

रानवाट: दाढ दुखली की आजी गालाला पदर बांधून बसायची आणि ‘दाभाड ठणकतंय’ म्हणायची. हनू तिच्या तोंडी कधी आली नाही. दाभाड दाढेवरूनच आलं असणार, असं मला वाटतं.

जुनीपाटी: दाढ ‘दंष्ट्रा’वरून आली. मग मधला ‘भ’ कुठला? आणि दाभाड फोडायचं असतं भांडणात, धड्यात नव्हे.

शिळाशोध: ताई, आधी मासा बघा. डंकलिऑस्टिअससारख्या चिलखती माशांच्या तोंडात हाडाची पाती असायची, एकमेकींवर घासून धार लागणारी. एन्टेलोग्नॅथस जेमतेम वीतभर, अंगावर तसंच चिलखत, पण जबड्याच्या कडेची हाडं मात्र अस्थिमत्स्यांसारखी. त्यातलं खालचं दंतास्थी आपल्याही तोंडात आहे. आपला अख्खा खालचा जबडा त्याच हाडाचा. चिलखतवाल्यात ते सापडेल असं वाटलं नव्हतं, म्हणून खरा भर ‘पूर्ण’वर हवा. ‘पूर्णजबडा’ म्हणा.

जुनीपाटी: संस्कृत ‘पूर्ण’ला ‘जबडा’ जोडायचा? कानाला खटकतं.

रानवाट: ‘जिल्हाधिकारी’ खटकत नाही ना? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, वर संधीसुद्धा केलाय!

जुनीपाटी: तो रुळला.

रानवाट: वापरला म्हणून रुळला.

अनुवादिका: मग मथळ्यात काय लिहू? शिवाय पुढच्याच परिच्छेदात जबडा नसलेले मासे आहेत. ‘अहनू’ लिहिलं तर बाई पुन्हा विचारतील.

रानवाट: ‘बोळके मासे’ म्हणा की. मुलांना लगेच कळेल.

शिळाशोध: नको, अर्थच उलटा होतो. बोळकं म्हणजे दात गेलेलं तोंड, जबडा शाबूत. लँप्रे नावाच्या माशाला जबडा नाही, पण वाटोळ्या तोंडात दात आहेत, नखांसारख्या केराटिनचे.

जुनीपाटी: केराटिनचे? मग त्यांना दात तरी का म्हणायचं?