२१ दिवसांचा आकडा मनावर घेऊ नका

ताई, २१ दिवसांत सवय लागली नाही म्हणून तुम्ही पहाटेचं चालणंच सोडलंत, हे वाचून वाईट वाटलं. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनातून आलाय. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. चालण्याशी त्याचा काय संबंध?

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. आणि मुख्य म्हणजे मध्येच एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं!

तेव्हा उद्यापासून पुन्हा सुरू करा. फक्त 'रोज चालेन' असं मोघम ठरवू नका. 'दूध तापवून गॅस बंद केला, की लगेच बूट घालायचे' इतकं नेमकं ठरवा. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झालं की तमुक करायचं' प्रकारच्या बेतांवर बरंच संशोधन केलंय, आणि नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त तडीस जातात असं त्यात दिसतं. पाऊस असला तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवून टाका. जिन्याच्या फेऱ्या चालतील.